गार शॉकअप

परभणी जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याच्या लेखी रस्ते दोन जातींचे. एक फुटलेले, दुसरे फुगलेले. फुटलेल्या रस्त्याची ओरड सगळेच करतात. खड्डा दिसतो, त्याचा फोटो निघतो, पावसाळ्यात त्यात झाड लावून आंदोलनही होतं. फुगलेल्या रस्त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण लांबून तो चांगलाच दिसतो. डांबर शाबूत असतं, कडेचा पांढरा पट्टाही असतो. गाडी घातली की मग कळतं, की रस्ता खाली-वर होत चाललाय. आम्ही त्याला लाटा म्हणतो.

लाटा येतात काळ्या मातीमुळे. ती फुगते आणि आकसते हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात रानातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि दोन चांगले पाऊस झाले की तीच भेग शोधून सापडत नाही. या मातीतल्या चिकण भागात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांत पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की बसतं. कापसाला ओल धरून ठेवणारी हीच माती लागते, म्हणून मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. तिच्यावर रस्ता बांधला की मात्र ती बांधणाऱ्याशी वैर धरते. मधोमध डांबराखाली ओल टिकून राहते, कडेची उन्हाने उडून जाते, मग कडा खचतात आणि रस्त्याला लांबच्या लांब चिरा जातात. वरची काळी माती उकरून खाली मुरूम नीट भरला, किंवा मातीत चुना मिसळून तिला शांत केलं, तर रस्ता सपाट राहतो. जिथं हे झालं नाही तिथं दोन पावसाळे गेले की लाटा तयार. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून म्हणतो. जर्मनीतल्या रस्त्यांखाली कापसाची माती नसावी, एवढाच काय तो फरक.

माझी पिकअप एमएच २२ पासिंगची, गाव जिंतूर रस्त्याच्या बाजूला. पावसाळ्याच्या तोंडाशी बी-बियाणं आणि खताची पोती, ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, लग्नसराईत मंडपाचं सामान आणि मधल्या काळात मिळेल ते भाडं. गाडीला पुढे-मागे पाटे आहेत. वजन उचलतात ते पाटे, ही गोष्ट सगळ्यांना पटते. शॉकअप काय करतो, हे विचारलं तर दहातले आठ जण सांगतील, 'झटका खातो.' तसं नाही. झटका खातात टायर आणि पाटे. पाटा दबतो, पुन्हा उसळतो, पुन्हा दबतो. झोका एकदा ढकलला की तो आपला चालतच राहतो, तसं. शॉकअपचं काम तो झोका धरून थांबवण्याचं. नळीत तेल असतं, दांडीच्या टोकाला दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक वाटा. चाक खाली-वर झालं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला त्या बारीक वाटांतून जावं लागतं, आणि त्या ओढाताणीत पाट्याचा उसळण्याचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणून चालता शॉकअप गरम होतो. ही गोष्ट पुढे मला उपयोगी पडली.

लाटांच्या रस्त्यावर हे सगळं किती मोलाचं आहे ते हिशोबाने कळतं. समजा लाटा आठ-दहा मीटरला एक आहेत आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चाललीय. म्हणजे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण एक लाट. भरलेल्या पिकअपचा पाटाही आपल्या लयीत सेकंदाला एक-दीड वेळाच खाली-वर होतो. दोन्ही लयी जुळल्या की प्रत्येक लाट आधीच्या उसळीत भर घालते. गाडी तीस-पस्तीसला ठीक असते, पंचावन्नलाही बरी असते, आणि नेमकी चाळीस-पंचेचाळीसला नाचायला लागते. आमच्या रस्त्यांवर भरलेली पिकअप बहुतेक वेळ त्याच वेगात असते! ड्रायव्हर म्हणतो 'रस्ता खराब', आणि त्याचं खोटं नसतं. पण शॉकअप चांगला असेल तर तीच लाट एकदा उचलते आणि सोडून देते.

शॉकअप मरतो तो असा, की चालवणाऱ्याला कळत नाही. पाटा तुटला तर आवाज होतो, गाडी एका बाजूला बसते. टायर फुटला तर रस्त्यावर उभं राहावं लागतं. शॉकअपचं तेल महिन्या-महिन्याने थोडं थोडं जातं, आत दट्ट्याच्या झडपा झिजतात, आणि हात-पाय-पाठ त्या गाडीची सवय करून घेतात. रोज चालवणाऱ्याला आपली गाडी नेहमीसारखीच वाटते. कळतं ते मालाला. टोमॅटोच्या खालच्या क्रेटला कळतं, पपईला कळतं, अंड्यांना तर फारच कळतं. माझ्या बाबतीत ते एका बैलाला कळलं.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड जिल्ह्यात, लोह्याच्या पुढे. जनावरांचा मोठा बाजार, आणि लाल कंधारी जातीचे वळू-बैल बघायला मिळावेत तर तिथंच. आमच्या शेजारच्या गावातल्या एका आबांचा लाल कंधारी बैल तिथं न्यायचा होता. विकायला नव्हे, मिरवायला. परभणी, गंगाखेड, पालम, लोहा असा रस्ता. हौद्यात कडब्याचा जाड थर केला, त्यावर जरा माती टाकली म्हणजे खूर घसरत नाही, आडवे दोर बांधले. आबांना म्हटलं, "आबा, पुढं बसा."

"न्हाई. त्याच्यापाशीच बसतो. मी दिसलो न्हाई तर त्यो कान टवकारून उभा ऱ्हातो सारखा."

जनावराच्या गाडीत मागे माणसाने बसू नये हे मलाही ठाऊक आहे. आबांना सांगून बघावं कुणीतरी.

गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडपर्यंत काही झालं नाही. पालमच्या अलीकडे फाळक्यावर काठी वाजली. थांबलो. आबा वरूनच म्हणाले, "बापू, बैल गुडघ्यात बसू लालाय."

"रस्ताच तसा हाय आबा. हळू घेतो."

"रस्ता मला म्हाईत हाय. मागल्या साली ह्याच रस्त्यानं दुसऱ्या गाडीत नेला व्हता. ती गाडी एकदा हादरली की थांबायची. तुझी थांबतच न्हाई."

मी गाडी चालवून माझ्या पाठीला जे कळलं नव्हतं ते आबांनी एका वाक्यात सांगितलं. बैल उभा राहून प्रवास करतो. एक धक्का चार पायांवर तोलून घेतो, दुसरा घेतो. पण खालचा हौदा धक्क्यानंतरही वर-खाली होत राहिला तर कुठल्या पायावर भार द्यायचा ते त्याला ठरवता येत नाही. मग तो गुडघ्यात बसायला बघतो, आणि बांधलेल्या जनावराने मधेच बसणं धोक्याचं. तिथून पुढे मी चाळीसचा वेग धरलाच नाही. पंचवीस-तीसनेच गेलो. आबांचा बैल माळेगावला ताठ उतरला, गुलाल लागला, लोकांनी पाठीवर हात फिरवून पाहिला. मी मात्र त्या सगळ्या गर्दीत पिकअपच्या मागच्या चाकापाशी वाकून बसलो होतो.

परत आल्यावर परभणीत आमच्या नेहमीच्या चाचांकडे गेलो. जुना मिस्त्री, हात काळे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. मला वाटलं आता ते मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबून बघतील. लहान कारवर लोक तसंच करतात. दाबून सोडली आणि एकदाच वर येऊन थांबली तर शॉकअप बरा. चाचा म्हणाले, पिकअपला त्याचा उपयोग नाही. पाट्यांचे थर एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेच गाडी थांबते, शॉकअप मेलेला असला तरी. "तू असं कर, झरीपर्यंत जाऊन ये. आला की गाडी बंद कर आन् लगेच खाली हात घाल."

गेलो, आलो. चाचांनी मागच्या दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना उलट्या हाताने हात लावला, मग माझा हात धरून लावला. डावा कोमट होता. उजवा गार, जणू गाडी सकाळपासून उभीच होती. "ये ठंडा है, मतलब काम नई करता. इतना रास्ता नाच के आया, और इसको पसीना नई आया." पुढच्या दोन्हीला हात लावला, दोन्ही सारखेच गरम होते. पुढे मात्र जपून, तिथं इंजिनाची आणि सायलेन्सरची धग असते. हात भाजतो आणि अंदाजही चुकतो. म्हणून एका एक्सलवरचे दोघे एकमेकांशी ताडून बघायचे.

मग त्यांनी मागच्या टायरवर तळहात फिरवला. रबराच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे पडले होते, डोळ्यांना पटकन न दिसणारे, हाताला लगेच कळणारे. चाक रस्त्याला चिकटून न चालता उडत चालतं तेव्हा टायर असा ठिकठिकाणी खरवडला जातो. हवा कमी-जास्त असली तर टायर मधून किंवा दोन्ही कडांनी सारखा झिजतो. असे चट्टे पडले की आधी शॉकअप बघायचा, हे मी आता कुणालाही सांगतो. दोन टायरच्या पैशांत शॉकअपच्या किती जोड्या येतील, हा हिशोब करून बघितला की माणूस आपोआप खाली वाकून बघायला शिकतो.

उजव्या शॉकअपच्या दांडीच्या खालच्या बाजूला तेलाने ओला झालेला धुळीचा जाड गोळा बसला होता. नळीवर नुसती पुसट ओल असेल तर घाबरायचं कारण नाही. दांडी वर-खाली होताना तेलाची अगदी पातळ साय बरोबर येतेच. पण ओघळ दिसला, गोळा बसला, तर सील गेलं. आमच्याकडे सील जातं ते फुफाट्याने. शेतातून निघालेला मुरमाचा रस्ता, उन्हाळ्यातली पिठासारखी माती. ती दांडीवर बसते आणि दांडी आत जाताना सिलाला घासते. पावसाळ्यात काळा चिखल चिकटून वाळतो तेव्हा तर दगडच होतो. मी आता गाडी धुताना खालून पाणी मारतो, पण जोराची धार सरळ सिलावर मारत नाही. धारेने माती निघण्याऐवजी आत जाते.

नवा घ्यायचा म्हटलं की बाजारात तीन रस्ते असतात: कंपनीच्या खोक्यातला, 'लोकल', आणि 'रिपेअर'. रिपेअर म्हणजे जुन्या शॉकअपला भोक पाडून किंवा वरचं टोक कापून तेल भरायचं आणि वेल्डिंग मारायचं. तेल घट्ट भरलं तर गाडी आठ-पंधरा दिवस एकदम कडक चालते आणि माणूस खूश होतो. झिजलेली झडप मात्र झिजलेलीच असते, आणि पुन्हा गळती सुरू होते. स्वस्त म्हणून मीही त्याची चौकशी केली. चाचांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शॉकअप ही काही परदेशातून मागवायची वस्तू नाही. गॅब्रिएल इंडिया १९६१ साली मुंबईत सुरू झाली आणि आज नाशिकला, चाकणला तिचे कारखाने आहेत. इतक्या जवळ बनणारी वस्तू डुप्लिकेट का घ्यावी, असा चाचांचा साधा प्रश्न. बिलाचा आणि गॅरंटीचा आग्रह धरायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

डावा कोमट होता, म्हणजे थोडंफार काम करत होता. तो ठेवून एकच बदलावा, असं मनात आलं. चाचांनी ऐकलं नाही. एक बाजू कडक आणि एक ढिली असली तर लाटेवर गाडी तिरकी उसळते, वळणावर मागचा भाग सरकतो. जोडी ती जोडीच.

बसवताना मी तिथंच उभा होतो. बसवायच्या आधी त्यांनी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढला, पूर्ण दाबला. आडवा पडून पडून तेलात हवा शिरलेली असते, ती निघून जाते. वरचा-खालचा बोल्ट घातला, पण गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळला नाही. चाकं जमिनीला टेकली, गाडी आपल्या वजनाने बसली, मग आवळला. लटकत्या एक्सलवर आवळला तर आतला रबरी बुश त्या लटकलेल्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली बसल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. चाचांच्या पोराने घाईत वरच आवळायला घेतलं आणि त्याला जे ऐकावं लागलं, त्यामुळे ते माझ्याही लक्षात राहिलं.

आता गाडी मऊ झाली का? अनेकांनी विचारलं. नाही. रिकामी पिकअप पूर्वीइतकीच टणक आहे. ती तशीच राहणार, कारण पाटे दीड-पावणेदोन टनांसाठी केलेले असतात आणि रिकाम्या हौद्यात त्यांना दबायला काहीच नसतं. नवा शॉकअप घालून पिकअपची कार होत नाही. कुणी तसं सांगून शॉकअप विकत असेल तर उठून यावं. फरक पडला तो भरल्या गाडीत. लाट आली, गाडी उचलली, बसली, संपलं. ब्रेक मारला की पूर्वी नाक खाली जाऊन परत वर यायचं, ते कमी झालं. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या झाडांवर नाचायचा, तो रस्त्यावर राहू लागला. आणि स्टिअरिंगवरची माझी मूठ सैल झाली. ती इतके दिवस आवळलेली होती हे ती सैल झाल्यावरच कळलं.

खरी कसोटी कापसाची. कापूस वजनाला हलका आणि डोंगराएवढा. जाळी बांधून केबिनच्या वर दोन हात चढवलेला कापूस मानवतच्या जिनिंगला नेताना गाडी वर-खाली कमी आणि डावी-उजवीकडे जास्त डुलते. खचलेल्या कडेवरून समोरच्या ट्रकला वाट द्यायला एक बाजू खाली उतरवली की वरचा डोंगर कलतो, आणि परत वर चढताना दुसऱ्या बाजूला कलतो. वजन कमी म्हणून पाट्यांची चिंता नसते, आणि इथंच लोक फसतात. हा डुलण्याचा झोका धरायचं कामही शॉकअपचंच. मला विचाराल तर खताच्या पोत्यांपेक्षा कापसाच्या गाडीला चांगला शॉकअप जास्त लागतो.

आमच्याकडे मात्र गाडी बसायला लागली की पहिला उपाय म्हणजे पाटेवाल्याकडे जाऊन एक जादा पाटा टाकणं. पाटेवाला भट्टीतून काढून, ठोकून, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट आवळून अर्ध्या दिवसात गाडी उंच करून देतो, आणि उंच गाडी दिसायलाही रुबाबदार दिसते. पण कडक पाटा जास्त जोराने उसळतो, आणि त्याला धरायला शॉकअप मात्र जुनाच, तोही अर्धा मेलेला. मग गाडी रिकामी असताना मागचा भाग शब्दशः उडतो. वर हवा भरणारा पोरगा भरल्या गाडीचा आकडा धरून रिकाम्या गाडीतही तेवढीच हवा ठोकतो. माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात जादा पाटा टाकून आला. त्याच्याशी वाद घातला. तो म्हणतो, "मामा, तुम्ही बैलं नेता, मी वाळू-सिमेंट नेतो." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. सिमेंटचं पोतं गुडघ्यात बसत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट अनुभवाला येते. मे महिन्यातल्या दुपारी, खराब रस्त्यावर लांबवर न थांबता गेलं की नवा शॉकअपही ढिला वाटायला लागतो. तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो, आणि फेसाला दट्ट्या अडवता येत नाही. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये हे कमी होतं, कारण आतल्या दाबाने फेस दबून राहतो. चहाला अर्धा तास थांबलं की साधाही पुन्हा नीट काम करतो. त्यामुळे जिंतूरच्या चढाला लागण्याआधी माझा चहा ठरलेला असतो. घरच्यांना वाटतं मला चहाचं व्यसन आहे. त्यांचंही अगदीच चूक नाही.

आबा यंदाही बैल नेणार आहेत. भाड्याची घासाघीस झाली, डिझेलचा भाव निघाला, शेवटी ते म्हणाले, "पैसे घे, पर आधी गाडी दाखव." दाखवली. त्यांनी शॉकअपकडे पाहिलंच नाही, हौद्यात चढले, मध्यभागी पाय फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, गावाला एक फेरी मार." शाळेपुढच्या, गावकऱ्यांनीच केलेल्या गतिरोधकावरून मुद्दाम नेली. उतरले आणि विसाराचे पैसे काढून दिले.

मागची जोडी नवी आहे. पुढची जुनीच, अजून दोन्ही सारखेच गरम होतात, पण उजव्या बाजूचा बुश वाजायला लागलाय. चाचा म्हणतात, सोयाबीन निघेपर्यंत चालेल. सोयाबीनला भाव काय लागतो ते बघून बदलीन.